लाईन बदलायची जागा

दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात गावात जो भेटेल तो एकच विचारायचा, "कोणती लाईन घेतली?" सायन्स लाईन, आर्ट लाईन, आयटीआय लाईन. मी सायन्स सांगितलं की विचारणारा जरा थांबून माझ्याकडे पाहायचा, मी खरं बोलते की नाही ते तपासल्यासारखा. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे त्या लोकांचं फार चुकत होतं असंही मला वाटत नाही.

माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. ती आधी नर्सिंगला गेली, मग ती लाईन बदलून आर्टला आली, मग तेही राहून गेलं आणि तिचं लग्न झालं. तेव्हापासून आमच्याकडे 'लाईन बदलली' याचा अर्थ एकच. शिक्षण सुटलं.

बाबा काळी-पिवळी चालवतात. सेलूहून हिंगणी आणि तिथून पुढे आमचं गाव. सवारी भरल्याशिवाय ती जीप जागची हलत नाही, आणि भरली की माणसांसोबत गावातल्या सगळ्या बातम्याही तिच्यात बसलेल्या असतात. बारावीनंतर मला वर्ध्याला बी.एस्सी.ला टाकलं, तेव्हा होस्टेलच्या फाटकाशी माझी पेटी उतरवून बाबा म्हणाले होते, "लाईन एकच ठेवजो. मंधात बदलली असं माह्या कानावर आलं, तं मी गाडी घेऊन आणाले येईन." ते धमकी देत नव्हते. येणार म्हणाले म्हणजे ते येणार, एवढंच.

दुसऱ्या वर्षी आमच्या फिजिक्सच्या सरांनी मला विचारलं, मोजमाप घेऊन नकाशा काढता येईल का? त्यांच्या ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्या काकांच्या घरी खेळण्यातल्या गाड्यांचा ट्रॅक मांडायचा होता. मी विचारलं, घरात लहान मूल आहे का? सर म्हणाले, "नाही, मोठी माणसंच खेळतात." मला ते काही बरं वाटलं नाही. पण सरांना नाही कसं म्हणायचं, हेही मला येत नव्हतं.

रविवारी मी माझ्या रूममेटला सोबत नेलं. ती आष्टीची, माझ्यापेक्षा धीट. रस्त्यात म्हणाली, "तू आतमधी जाजो. मी दारापाशी चप्पल घालूनच उभी राहीन. काई वाटलं तं नुसती खोकल."

दार काकूंनी उघडलं. आमच्या दोघींकडे पाहून त्या म्हणाल्या, "या, या. पोट्टे वर खेळून राहिले. पन्नाशीचे पोट्टे आहेत, घाबरू नका."

वरची खोली पूर्वी रंगाच्या डब्यांचं गोदाम होती. वास अजून येत होता. मधोमध प्लायवूडचं मोठं टेबल, त्यावर काळ्या प्लास्टिकच्या ट्रॅकचे तुकडे ढीग घालून ठेवलेले. आणि ढिगाभोवती तीन माणसं, एकमेकांकडे पाठ करून बसावीत तशी. एक ते हार्डवेअरवाले काका. दुसरे जनावरांचे डॉक्टर. तिसरे हिंगणघाटहून दर रविवारी येणारे कापसाचे जिनिंगवाले.

काकांनी खेळ समजावून सांगितला. ट्रॅकवर दोन खाचा असतात. गाडीच्या पोटाखाली एक पिन असते, ती खाचेत बसते, आणि खाचेच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांतून गाडीला करंट मिळतो. आपल्या हातात ट्रिगर. जितका दाबाल तितकी गाडी पळते, आणि वळणावर जास्त दाबला की उडून पडते. जुन्या खेळात एका खाचेत एकच गाडी. हा डिजिटल होता. प्रत्येक गाडीत चिप, त्यामुळे एकाच खाचेत तीन गाड्या एकामागे एक असल्या तरी प्रत्येक गाडी आपल्याच ट्रिगरचं ऐकते. बटण दाबून धरलं, की ठरावीक तुकड्यावर गाडी शेजारच्या खाचेत जाते. खोक्यावर खाचेला 'लेन' म्हटलं होतं. पण काका 'लाईन' म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे, आणि पुढे मीही म्हणायला लागले.

"मग तुम्हीच का नाही मांडत?" मी भीत भीत विचारलं.

जिनिंगवाले म्हणाले, "मांडला ना. डॉक्टरनं मांडला तं डॉक्टरच जिंकते. यानं मांडला तं हाच जिंकते."

"अन् तू मांडला तेव्हा?" डॉक्टर म्हणाले.

"मी मांडला तेव्हा तुम्ही दोघं खेळलेच नाई!"

काकांनी माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे सांगितलं, "आमचा एकमेकांवर काडीचा भरोसा नाही. तुम्ही कोणाच्याच नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

रूममेट वरच्या दारातून खोकली. तिला काही वाटलं म्हणून नाही, हसू आवरत नव्हतं म्हणून.

तसे माझे रविवार त्या खोलीत जाऊ लागले. आधी मी खडूनं जमिनीवर आखायची, मग ग्राफ पेपरवर, मग तुकडे जोडून पाहायची. हात पुरेल एवढीच टेबलाची रुंदी ठेवायची, कारण मधल्या वळणावर गाडी पडली तर ती उचलणार कोण? वळणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा सोडायची, गाडीची शेपूट तिथं घसरते. ट्रॅक लांब झाला की दूरच्या टोकाला गाड्या मंदावतात, म्हणून तिथं वेगळी वायर जोडायची. हे सगळं मला आधी येत होतं असं नाही. चुकलं की कळायचं.

खरी अडचण लाईन बदलायच्या तुकड्यांची होती. वळणातून बाहेर आलेली गाडी लगेच सरळ होत नाही, थोडा वेळ डुलत राहते. तिथंच लाईन बदलायला लावली, तर पिन नीट वळत नाही आणि गाडी बाहेर. म्हणून आधी सरळ रस्ता, मग लाईन बदलायची जागा, मग पुन्हा थोडं सरळ, आणि मग वळण. बाहेरच्या खाचेतला माणूस वळणाआधी आतल्या खाचेत आला तर त्याला पुढे जायची संधी मिळते. नाही तर तो मंद गाडीच्या मागे अडकून राहतो, तो कितीही चांगला चालवो.

पण जागा ठरवायची म्हटलं की तिघांचे फोन यायचे, वेगवेगळे. डॉक्टरांची गाडी सरळ रस्त्यावर तुफान पळायची. ते म्हणायचे, "बाई, खिडकीकडची सरळ थोडी वाढवता येईल का? माझ्यासाठी नाही, दिसायला चांगली दिसते." काकांचा हात वळणांवर बसलेला. ते म्हणायचे, कोपऱ्यात एक नागमोडी घाला, जागा वाया जाते आहे. जिनिंगवाले काही मागायचे नाहीत. त्याचाच मला सगळ्यात जास्त संशय यायचा. हळूहळू मी अशी झाले, की कोणी प्रेमानं चहाचा कप पुढे केला तरी वाटायचं, आता हा वळण मागणार. काकूंनी गोरसपाकाची बिस्किटं दिली तेव्हाही मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या म्हणाल्या, "खा बाई. मी नाही खेळत."

एका शनिवारी मी गावी निघाले होते. वर्ध्याहून सेलूची एसटी, उभं राहायला जागा नाही. काकांचा फोन आला. आदल्या दिवशी ग्राफ पेपरवर मला अखेर ती जागा सापडली होती, आणि मी खूश होते. इंजिनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलत होते.

"नाही काका, माझं ठरलं. लाईन बदलायची म्हणजे बदलायची. एकाच लाईनमध्ये किती वेळ मागे मागे राहायचं? ... हो, भीती वाटत होती, की वळणावर बाहेर फेकल्या जाईल. पण आता जागा सापडली मला. ... पुढच्या रविवारी येते ना तुमच्या घरी. मात्र डॉक्टरांना आत्ताच काही सांगू नका."

फोन ठेवला तेव्हा पुढच्या सीटवरून आमच्या गल्लीतली एक मावशी मान वळवून माझ्याकडे पाहत होती.

"अभ्यास बरा चालू हाय ना, बाई?"

"हो मावशी."

"हाव का," ती म्हणाली, आणि सेलू येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. सेलूला तिला बाजार करायचा होता. मी बाबांच्या जीपमध्ये बसून गावी गेले. ती त्यांच्या पुढच्या फेरीत आली.

त्या संध्याकाळी घरात काहीतरी बदललं होतं. बाबा आले, हातपाय धुतले आणि माझ्या समोर बसले. "सायन्सच हाय ना?"

"हो."

"सायन्सच?"

"हो बाबा. दुसरं काय असणार?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. आईनं भाकर वाढता वाढता विचारलं, तब्येत बरी हाय ना. मग भाजी वाढताना पुन्हा विचारलं. मळमळत-गिळमळत तं नाई ना? मला वाटलं होस्टेलच्या जेवणाची काळजी करते आहे. मी म्हटलं, तेल जरा जास्त असतं तिथं, बाकी काही नाही. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे.

आठवडाभर आईचे फोन येत राहिले. प्रत्येक वेळी तब्येत. कुठं गेलती, कोणासोबत गेलती. मला कळत होतं की कोणीतरी काहीतरी सांगितलं आहे, पण काय ते कळत नव्हतं. रूममेटवरसुद्धा माझा संशय गेला. तिला मी विचारलंही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि रविवारी सोबत आली नाही.

त्या रविवारी ट्रॅक पूर्ण मांडून झाला होता. तिघंही ट्रिगर घेऊन बसले होते. डॉक्टर ट्रॅकवरून बोट फिरवत कुठं अन्याय झाला ते शोधत होते. तेवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. दोन लहान, एक लांब. तो हॉर्न मी झोपेतही ओळखीन.

खिडकीतून पाहिलं. काळी-पिवळी काकांच्या दारात उभी होती. आत एकही सवारी नव्हती. बाबांना रिकामी गाडी इतक्या दूर आणताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. फाटकाशी त्यांनी काय सांगितलं होतं ते मला आठवलं, आणि हातातला ट्रॅकचा उरलेला तुकडा मी कुठं ठेवला तेही नंतर आठवेना.

ते आधी होस्टेलवर गेले होते. रूममेटनं घाबरून पत्ता सांगून टाकला होता. खाली काकूंनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. जिना चढून ते दारात उभे राहिले. तीन पुरुष, मधे मी.

काका उठून पुढे झाले. "या भाऊ, या! तुमच्या पोरीनं कमाल केली. लाईन बदलायच्या जागा अशा काढल्या, की..."

"म्हणजे खरंच बदलली," बाबा म्हणाले. काकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "चाल. होस्टेलात जाऊन पेटी भर."

"बाबा, तसं नाही..."

"लोकं सांगून राह्यले, मी म्हणो खोटं असंल."

"भाऊ, बसा तर खरं," डॉक्टर म्हणाले. "मी डॉक्टर."

बाबांचा चेहरा असा झाला, की डॉक्टर एक पाऊल मागे सरकले.

"कायचे डॉक्टर?"

"जनावरांचे."

"जनावरांचे?"

"गाई-म्हशी. बकऱ्या."

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांचे खांदे जरासे खाली आले. आईनं दर वेळी तब्येत का विचारली, मावशीनं एसटीत नेमकं काय ऐकलं, हे मला त्या क्षणी कळलं. तिथं उभ्या असलेल्या माणसांना तोंड दाखवू नये असं वाटलं. पण पेटी भरायची नव्हती मला. मी एक गाडी उचलली, उलटी करून बाबांना पिन दाखवली, आणि ती खाचेत ठेवली.

"ही लाईन. ही खाच आहे ना, हिला हे लाईन म्हणतात. मी फोनवर हिच्याबद्दल बोलत होते."

मी ट्रिगर दाबला. गाडी सरळ गेली, तुकड्यावर आली, मी बटण धरलं, आणि ती शेजारच्या खाचेत गेली. बाबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. वायरी होत्या, दुसरं कोणी नव्हतं.

"आपोआप पलटते?"

"बटण दाबलं तर."

"नाई दाबलं तं?"

"तर आहे त्याच लाईननं जाते."

"मले दे," बाबा म्हणाले.

जिनिंगवाल्यांनी आपली खुर्ची रिकामी केली. बाबा बसले, पण पाठ टेकवली नाही. शर्यत सुरू झाली. डॉक्टर आणि काका भरकन पुढे गेले. बाबांची गाडी आमच्या गावच्या रस्त्यावर चालते तशी चालत होती. काकांनी खिडकीकडच्या सरळीवर लाईन बदलली, वळणाच्या आत घुसले आणि डॉक्टरांच्या पुढे गेले. बाबांनी ट्रिगर सोडून दिला.

"थांबा. हे काय? वळणाच्या तोंडावर ओव्हरटेक?"

"बाबा, जागाच तिथं आहे."

"कोणं काढली ही जागा?"

"मी."

"वळणाच्या तोंडावर ओव्हरटेक कराले सांगते तू लोकाइले? हे शिकवतेत कॉलेजात?"

"समोरून गाडी येत नाही इथं. सगळ्या एकाच दिशेनं जातात."

"समोरून येत नाई, हे कोणं पाह्यलं?"

मी एवढंच म्हटलं, "वळणावर नाही बदलायची बाबा. आधी सरळ दिली आहे मी. गाडी शांत झाली की मगच तो तुकडा येतो." बोटानं मी ती सरळ दाखवली. बाबांनी ती डोळ्यांनी मोजली, मग पुन्हा ट्रिगर दाबला. शेवटपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही. डॉक्टरांची गाडी दोनदा उडाली, काकांची एकदा खिडकीच्या कठड्यापर्यंत गेली. बाबा तरीही शेवटी आले.

"तिसरे आलात भाऊ," डॉक्टर म्हणाले.

"पोचलो नं," बाबा म्हणाले.

मग डॉक्टर आणि काका भांडायला लागले, की मी तो तुकडा नेमका कोणाच्या सांगण्यावरून तिथं घातला. "हे रोजच भांडतेत काय?" बाबांनी चहा घेऊन आलेल्या काकूंना विचारलं.

"रविवारीच. बाकी दिवस दुकान असते."

चहा त्यांनी घेतला. कप खाली ठेवून मला म्हणाले, "चाल."

मी जीपमध्ये पुढे बसले. चौकात एक रस्ता होस्टेलकडे जातो आणि एक सेलूकडे. बाबांनी तिथं गाडी उभी केली. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला.

"कॉलेज दाखव," ते म्हणाले.

कॉलेजचं फाटक बंद होतं. वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून उठला. "आज सुट्टी हाय ना बाई. लॅब उद्या सकाळी उघडन."

"कोणती लॅब?" बाबांनी विचारलं.

"फिजिक्सची, भाऊ. हे सायन्सवाले. यांचं प्रॅक्टिकल राह्यते ना सोमवारी."

बाबांनी मान हलवली. फाटकाच्या गजांतून आतली इमारत थोडा वेळ पाहिली आणि गाडी वळवली. मला वाटलं, आता झालं. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तो वॉचमन तुले काऊन ओळखते?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. होस्टेलच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

"उतर."

मी तशीच बसून राहिले. पेटी घेऊन ये म्हणतील, याची वाट पाहत.

"उतर म्हणलं ना. एवढ्या वेळात दोन सवाऱ्या बसल्या असत्या."

त्यानंतर दिवाळीला मी गावी गेले. सेलूला जीप भरली, तर पुढच्या सीटवर तीच मावशी. मी मागे, पिशव्यांमध्ये. हिंगणीच्या अलीकडे कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढे होता. बाबा त्याच्या मागे मागे चालवत होते.

"भाऊ, पोरीनं लाईन बदलली म्हणे?" मावशीनं अखेर विचारलंच. जीपमधली बाकीची बोलणी थांबली.

"लाईन तेच हाय," बाबा म्हणाले. "बदलाची जागा तेवढी पाहून ठेवली तिनं."

"जागा? कोणती जागा?"

वळण गेलं, पुढचा सरळ रस्ता दिसला, तेव्हा बाबांनी ट्रॅक्टर मागे टाकला. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता की नाही, ते मला त्या नजरेवरून सांगता येणार नाही. दर सोमवारी त्यांचा फोन येतो, प्रॅक्टिकलची वेळ संपली की लगेच.

मावशीही मान वळवून माझ्याकडे पाहत होती.

"तब्येत बरी हाय ना, बाई?" तिनं विचारलं.